रांगांमधला डिले, बोल्डर आणि जॉ क्रशर: बेसॉल्टच्या खाणीसाठी टायमिंगचा हिशेब

प्रश्नात दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची दगडखाण आहे. बेंचची, म्हणजे खाणीतल्या पायरीची, उंची ७.५ मीटर असून १०० मिलिमीटर व्यासाचे, ८ मीटर खोलीचे होल मारले जातात. बर्डन (होलच्या रांगेपासून समोरच्या मोकळ्या बाजूपर्यंतचे किंवा पुढच्या रांगेपर्यंतचे अंतर) २.५ मीटर, स्पेसिंग (एकाच रांगेतील दोन होलमधले अंतर) ३ मीटर, पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत दहा होल. प्रत्येक होलमध्ये ८३ मिलिमीटरची इमल्शन काडतुसे, सुमारे ३० किलो, आणि वरचे ३ मीटर स्टेमिंग, म्हणजे स्फोटकांवर भरलेले बूच. नॉनेल, म्हणजे विजेऐवजी बारीक नळीतून (ट्यूबमधून) संदेश नेणारे डिटोनेटर, वापरले जाते. होलच्या तळाशी ४५० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे पेटण्यातला ठरवून ठेवलेला उशीर, जमिनीवर एकाच रांगेतील दोन होलमध्ये १७ मिलिसेकंद आणि दोन रांगांमध्ये २५ मिलिसेकंद. ३६ × २४ इंचांचा जॉ क्रशर, म्हणजे दोन जबड्यांमध्ये दगड चिरडणारे यंत्र, कागदावर ताशी १०० टन देतो, पण प्रत्यक्षात ६० ते ६५ टनांच्या पुढे जात नाही, कारण त्याच्या तोंडात वारंवार बोल्डर, म्हणजे नीट न फुटलेले मोठे दगड, अडकतात. खाणीतील ब्लास्टरचे म्हणणे असे की डिले आणखी कमी केला तर सगळा दणका एकत्र बसेल आणि दगड बारीक होईल. स्फोटके पुरवणाऱ्याचे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर घ्या, सगळे प्रश्न सुटतील. यांतले कोणाचे ऐकावे, आणि टायमिंग बदलल्याने क्रशरचे उत्पादन किती वाढेल, असा प्रश्न आहे.

माझे मत आधी सांगतो. डिले कमी करू नका. रांगांमधला डिले वाढवा. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरचा निर्णय त्यानंतर घ्या. आणि या दोन्हींच्या आधी, तुमचे बोल्डर बेंचच्या कोणत्या भागातून येतात हे दोन-तीन ब्लास्टमध्ये नीट पाहा, कारण त्यांतल्या एका मोठ्या हिश्श्याला टायमिंगचा हातच लागत नाही. क्रशर किती वाढेल याचा एकच आकडा कोणी देत असेल तर तो अंदाजाने बोलतो आहे असे समजावे. तो आकडा दगडाच्या थरावर, सांध्यांवर आणि क्रशरनंतरच्या यंत्रणेवर अवलंबून असतो, आणि तुमचा फेस, म्हणजे बेंचची उभी मोकळी बाजू, मी पाहिलेला नाही.

मूळ अडचण मी थोडी वेगळी मांडतो. जॉ क्रशरला दगडाचा सरासरी आकार फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो ढिगातला सर्वांत मोठा दहा टक्के माल. ३६ × २४ क्रशरच्या तोंडाची उघडी बाजू २४ इंच, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर असते. खाद्य त्याच्या ८० टक्क्यांहून मोठे नसावे हा नेहमीचा नियम लावला तर ४८० ते ४९० मिलिमीटर ही तुमची मर्यादा झाली. त्याहून मोठा दगड आडवा पडला की तोंडात पूल बांधला जातो, फीडर थांबवावा लागतो, आणि मग साखळी, सब्बल किंवा ब्रेकर यांची पळापळ सुरू होते. नऊ तासांच्या पाळीत असे पाच वेळा झाले आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटे गेली, तर १०० मिनिटे, म्हणजे पाळीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, नुसता उभे राहण्यात गेला. शिवाय ज्या फीडरचालकाला दिवसातून पाच वेळा शिव्या बसतात तो उरलेल्या वेळीही हात राखून माल सोडतो, आणि हा तोटा कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. त्यामुळे ब्लास्टमधून क्रशरला जे मिळवायचे आहे ते म्हणजे ढीग सरसकट बारीक होणे नव्हे, तर अडकणारा माल कमी होणे. हा भेद महत्त्वाचा आहे. ढीग सरसकट बारीक करायला गेलात तर भुकटी वाढते. आणि बेसॉल्टच्या दोन लाव्हाथरांमध्ये लाल मातीचा पट्टा असेल, जो आपल्याकडे बऱ्याच खाणींत असतो, तर ती भुकटी मातीत मिसळून चाळणीवर चिकटते आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

आता टायमिंगकडे येतो. होल पेटल्यावर दगडात तीन गोष्टी एकामागून एक घडतात, आणि त्यांची घड्याळे वेगवेगळी असतात. पहिली म्हणजे धक्क्याची लहर. घट्ट बेसॉल्टमध्ये ती साधारण सेकंदाला ५ किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला ५ मीटर वेगाने जाते. ३ मीटरवरच्या शेजारच्या होलपर्यंत तिला एक मिलिसेकंदही लागत नाही. दुसरी म्हणजे वायूचा दाब. लहरीने पाडलेल्या चिरांमध्ये आणि मुळातल्या सांध्यांमध्ये तो घुसतो, त्या रुंदावतो आणि पुढचा दगड ढकलायला सुरुवात करतो. याला काही मिलिसेकंद लागतात. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष हालचाल. समोरचा सगळा दगड जागचा सुटून पुढे सरकू लागतो, आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण १० ते २० मीटर असतो.

ब्लास्टरसाहेबांचा ‘दणका एकत्र बसेल’ हा मुद्दा पहिल्या घड्याळाचा आहे. तुमच्या एका होलनंतर १७ मिलिसेकंदांनी शेजारचा होल पेटतो तेव्हा पहिल्या होलची लहर ८५ मीटर पुढे निघून गेलेली असते. १७ चे १० केले तरी ती ५० मीटर पुढेच असणार. दोन होलच्या लहरी दोघांच्या मध्ये खरोखर गाठायच्या असतील तर एका मिलिसेकंदाच्या आतला, तोही अचूक, फरक लागतो, आणि तो नॉनेलने साधणे अशक्य आहे. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर आल्यानंतर अशा लहरींच्या टकरीचा सिद्धान्त जगभर बराच गाजला, पण स्वीडनमध्ये योहान्सन आणि आउख्टरलोनी यांनी छोट्या नमुन्यांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्या टकरीचा डोळ्यांत भरण्याजोगा फायदा दिसला नाही. दगडखाणीसाठी हा विषय मी बंद समजतो.

एकाच रांगेतील दोन होलमधला डिले हा दुसऱ्या घड्याळाचा विषय आहे. पहिल्या होलचा वायू अजून दगडात काम करत असताना शेजारचा होल पेटला तर दोघांच्या मधला भाग दोन्हीकडून ताणला जातो. ब्लास्टनंतरच्या तुकड्यांचा आकार वर्तवणारे कुझ-रॅम प्रारूप मांडणाऱ्या कनिंगहॅम यांनी २००५ मध्ये त्यात टायमिंगचा भाग जोडला, तेव्हा सर्वाधिक फुटीसाठी जो काळ धरला त्याचे सूत्र सोपे आहे: १५.६ ला बर्डनच्या मीटरने गुणायचे आणि दगडातील लहरीच्या वेगाने, किलोमीटर प्रति सेकंद या मापात, भागायचे. तुमच्यासाठी ते १५.६ × २.५ ÷ ५, म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंद येते. तुमचे १७ मिलिसेकंद त्याच्या दुप्पट आहेत. मग ब्लास्टरचे बरोबर नाही का? कागदावर थोडेसे बरोबर आहे. पण या सूत्राच्या शिखराच्या आजूबाजूची चढण फार तीव्र नसते, आणि कंपनाच्या हिशेबात ८ मिलिसेकंदांच्या आत पेटलेले होल एकत्र पेटले असे धरण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे तेवढ्या जवळ गेलात की दोन होलची ६० किलो स्फोटके एका दणक्यात मोजली जातात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ती पुढे नॉनेलच्या अचूकतेच्या हिशेबात दिसेल.

रांगांमधला डिले हा तिसऱ्या घड्याळाचा विषय आहे, आणि तुमच्या खाणीत खरी गडबड इथे आहे असे मला वाटते. दुसऱ्या रांगेला मोकळी जागा तेव्हाच मिळते जेव्हा पहिल्या रांगेचा दगड पुढे सरकलेला असतो. एस.टी.च्या दारातला माणूस उतरल्याशिवाय मागच्याला पाय ठेवायला पायरी मिळत नाही, आणि मागून कितीही रेटा दिला तरी चेंगराचेंगरीच होते, तसे हे आहे. हिशेब करून पाहा. २.५ मीटर बर्डन जागचे हलायला साधारण १० मिलिसेकंद लागतात असे धरू, आणि त्यानंतरचा वेग सेकंदाला १५ मीटर धरू. तुमच्या २५ मिलिसेकंदांत पहिली रांग जेमतेम २२ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ४२ मिलिसेकंदांत ती ४८ सेंटिमीटर जाईल आणि ६५ मिलिसेकंदांत ८० सेंटिमीटरच्या आसपास. मी स्वतः आखणी करताना, निदान शेवटच्या दोन रांगांसाठी तरी, मागची रांग पेटण्याआधी पुढची रांग किमान बर्डनच्या पाव ते एक तृतीयांश सरकलेली असावी असे धरतो; तुमच्या बाबतीत ते ६० ते ८० सेंटिमीटर होते. थोडक्यात, तुमचा डिले बर्डनच्या दर मीटरला १० मिलिसेकंद पडतो आणि तो सर्वसाधारण वापरातल्या १० ते ३० च्या पट्ट्यात अगदी तळाशी आहे.

दोन रांगांचा ब्लास्ट असता तर हे खपून गेले असते. पण पाच रांगांत ही उधारी साचत जाते. तिसऱ्या रांगेला दुसरीने जागा दिलेली नसते, चौथीला तिसरीने. आणि पुढे जायला जागा नसली की वायू वर जातो. त्याच्या खुणा फेसवर आणि ढिगावर वाचता येतात. मागच्या रांगांवरचा माल जागच्या जागी फुगून वर आलेला असतो, ढीग पुढे पसरण्याऐवजी उंच उभा राहतो, पोकलेनची बकेट मालात घुसायला कुरकुरते, तळाशी टो, म्हणजे न फुटलेला दगडाचा पाया, उरते, आणि शेवटच्या रांगेमागचा शाबूत दगड आतपर्यंत तडकतो. ही शेवटची खूण सर्वांत महागात पडते, कारण मागे तडकलेला दगड पुढच्या ब्लास्टची पहिली रांग असतो. तिथे सांधे आधीच उघडलेले असल्याने वायू निसटतो आणि दगड न फुटता चौकोनी तुकड्यांत सुटून येतो. म्हणजे आजच्या कमी डिलेचे बोल्डर पुढच्या ब्लास्टमध्ये निघतात, आणि आपण दोष पुढच्या ब्लास्टच्या स्फोटकांना देतो. तुमच्या ढिगात यांतल्या किती खुणा दिसतात ते पाहा. एकही दिसत नसेल तर माझे निदान चुकीचे आहे आणि पुढचा दोन परिच्छेदांचा हिशेब तुमच्या फारसा कामाचा नाही.

आता नॉनेलच्या अचूकतेचा हिशेब, कारण तो फार कमी ठिकाणी केला जातो. होलमधला ४५० मिलिसेकंदांचा डिले हा आतील दारूच्या जळण्यावर चालतो, आणि ती प्रत्येक नगात तंतोतंत सारखी जळत नाही. चूक किती हे बनावटीवर आणि साठवणीच्या वयावर अवलंबून असते. इथे उदाहरणासाठी मानक विचलन २ टक्के, म्हणजे ९ मिलिसेकंद धरतो. दोन होलच्या वेळांमधल्या फरकाचे विचलन मग सुमारे १३ मिलिसेकंद होते. जमिनीवर तुम्ही १७ मिलिसेकंदांचा फरक ठेवलात तर साधारण दर अकरा जोड्यांमागे एका जोडीत मागचा होल आधी पेटेल. २५ ठेवलात तर दर चाळीस जोड्यांमागे एकात. ४२ ठेवलात तर दोन हजारांत एखाद्या वेळी. एकाच रांगेतले दोन होल उलटे पेटले तर फार बिघडत नाही, कारण दोघांसमोरही मोकळा फेस असतो. पण मागच्या रांगेतला होल त्याच्या समोरच्या होलआधी पेटला तर त्याच्यापुढे २.५ ऐवजी ५ मीटरचे बर्डन असते. तो दगड पुढे हलवू शकत नाही. तो वर तोंड फोडतो, आणि उडालेले दगड कुठे जातील हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्या पाच रांगांच्या ब्लास्टमध्ये पुढच्या-मागच्या अशा चाळीस जोड्या आहेत. २५ च्या डिलेवर सरासरी दर ब्लास्टला एक होल असा उलटा जातो. डिले कमी करण्याच्या सूचनेला माझा विरोध मुख्यतः याच कारणाने आहे.

म्हणून मी सुचवतो तो बदल असा आहे: एकाच रांगेतला १७ तसाच ठेवा, आणि रांगांमधला डिले पहिल्या दोन फटींत ४२ आणि मागच्या दोन फटींत ६५ करा. मागे जाताना डिले वाढवण्याचे कारण वर सांगितलेली साचत जाणारी उधारी हे आहे. हा बदल करण्यासाठी जवळजवळ काहीच खर्च नाही. जमिनीवरचे कनेक्टर बदलायचे आहेत. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे तोडीचा धोका. पहिला होल ४५० व्या मिलिसेकंदाला फुटतो, आणि तोपर्यंत जमिनीवरचा संदेश शेवटच्या होलपर्यंत पोचलेला असावा, नाहीतर सरकणारी जमीन किंवा उडणारा दगड ट्यूब तोडतो आणि न पेटलेला होल ढिगात राहतो. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर शेवटच्या होलपर्यंत ४२ + ४२ + ६५ + ६५, म्हणजे २१४, आणि रांगेतले नऊ वेळा १७, म्हणजे १५३, असे मिळून ३६७ मिलिसेकंद होतात. ४५० च्या आत ते आरामात बसते. दुसरी म्हणजे कंपन. ४२ आणि १७ या जोडीत एक खोच आहे: दोन वेळा ४२ म्हणजे ८४ आणि पाच वेळा १७ म्हणजे ८५. म्हणजे तिसऱ्या रांगेतला पहिला होल आणि पहिल्या रांगेतला सहावा होल एका मिलिसेकंदाच्या फरकाने पेटायचे ठरतात. दगड फुटण्याच्या दृष्टीने ते एकमेकांपासून पंधरा-सोळा मीटर दूर असल्याने काही बिघडत नाही, पण दूरच्या घराला ते एकच वाटतात. तुमच्या सध्याच्या २५ आणि १७ मध्येही हेच आहे, दोन वेळा २५ म्हणजे ५० आणि तीन वेळा १७ म्हणजे ५१. म्हणजे नवी अडचण येत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यावर १५ आहे. वस्ती जवळ असेल तर पहिल्या दोन-तीन बदललेल्या ब्लास्टना कंपनमापक लावूनच काम करावे. आणि हेही स्पष्ट लिहितो की जोडणीचा अंतिम निर्णय तुमच्या खाणीवरच्या प्रमाणपत्रधारक ब्लास्टरचा आणि व्यवस्थापकाचा आहे. माझे आकडे त्यांच्याशी बोलण्यासाठी आहेत, त्यांना बाजूला सारण्यासाठी नाहीत.

आता ज्या बोल्डरांना टायमिंगचा हात लागत नाही त्यांच्याविषयी. ७.५ मीटरच्या बेंचमध्ये वरचे ३ मीटर तुम्ही स्टेमिंगला दिले आहेत. म्हणजे फुटायच्या दगडापैकी ४० टक्के दगडाच्या पातळीवर स्फोटकेच नाहीत. तो खालच्या ढकलण्याने नुसता सुटतो आणि मूळच्या सांध्यांनुसार तुटतो. अनेक खाणींत बोल्डरचा मोठा वाटा इथूनच येतो, आणि ओळखणे सोपे असते: वरच्या भागातल्या दगडावर ऊन-पावसाने आलेला तपकिरी गंज किंवा सांध्यांवरचा पांढरट थर असतो, आणि त्याच्या कडांवर ताजी फूट दिसत नाही. पोकलेनने बाजूला काढलेल्या बोल्डरांपैकी निम्म्याहून अधिक असे असतील तर डिले कितीही बदला, क्रशरला त्याचा लाभ अर्धाच मिळेल.

त्यावर उपाय काय? पहिला, स्टेमिंगमध्ये ड्रिलची बारीक भुकटी भरत असाल तर ती बंद करून होलच्या व्यासाच्या दहाव्या भागाची, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरची धारदार खडी भरा. ती तुमच्याच क्रशरवर तयार होते. भुकटी दाबाखाली पिचकारीसारखी बाहेर उडते. खडी एकमेकींत अडकून होलला बूच मारते आणि वायू जास्त वेळ आत राहतो. हे झाल्यावरच स्टेमिंग टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार करावा, आणि २.५ मीटरच्या खाली जाऊ नये. दुसरा, स्टेमिंगच्या मध्यावर एखाद्या छोट्या काडतुसाचा स्वतंत्र डेक, म्हणजे स्फोटकाचा वेगळा थर, देता येतो, पण त्यात उडत्या दगडांचा धोका वाढतो. आजूबाजूला वस्ती, रस्ता किंवा वीजवाहिनी असेल तर मी तो सुचवणार नाही. तिसरा, होलचा व्यास कमी करून आखणी घट्ट करणे. बारीक होलमध्ये तेवढीच स्फोटके अधिक उंचीपर्यंत पोचतात आणि स्टेमिंग आपोआप कमी लागते. ड्रिलिंगचा खर्च वाढतो हे खरे, पण ब्रेकरचे तास आणि थांबलेल्या क्रशरचे भाडे त्याच्या शेजारी मांडून मगच तो महाग की स्वस्त ते ठरवावे.

दगडाचा थरही पाहावा लागतो. दख्खनच्या पठारावरचे लाव्हाथर एका जातीचे नाहीत. एखाद्या थराचा खालचा भाग उभ्या, सुबक खांबांनी बनलेला असतो, वरचा भाग वेडावाकडा तडकलेला, आणि माथा बुडबुड्यांच्या खळग्यांनी भरलेला, मऊ. खांबांच्या भागात बोल्डरचा आकार बऱ्याच अंशी खांबांच्या जाडीने ठरतो. ६० सेंटिमीटर जाडीचे खांब असतील आणि वायू त्यांच्या फटींतून निसटत असेल, तर प्रत्येक खांबाला होलची झळ बसेल इतकी आखणी घट्ट केल्याशिवाय ते मोडत नाहीत. इथे रांगेतला डिले फार लांबवणे नुकसानीचे असते, कारण पहिल्या होलने फटी उघडल्या की दुसऱ्याचा वायू त्यांतूनच बाहेर जातो. १७ ऐवजी ४२ रांगेतच लावणाऱ्यांचे खांबच्या खांब अखंड उतरलेले मी पाहिले आहेत. खळग्यांच्या मऊ भागात याउलट स्फोटके जास्त होतात आणि भुकटी वाढते. त्यामुळे एका थरात जमलेली आखणी बेंच बदलली की पुन्हा तपासावी लागते.

आणि क्रशर? इथे एक चाचणी सगळ्यांत आधी करा, ब्लास्टला हात लावण्याच्याही आधी. एक दिवस पोकलेनवाल्याला सांगून फक्त ४५० मिलिमीटरखालचा निवडक माल जॉला द्या आणि ताशी किती टन निघतो ते डंपरच्या फेऱ्यांवरून किंवा पट्ट्यावरच्या काट्यावरून मोजा. तो आकडा ९०-९५ टनांवर गेला तर अडचण खरोखर ब्लास्टची आहे आणि वरचे सगळे लागू पडते. निवडक माल देऊनही तो ७० वरच अडकला तर दोष ढिगाचा नाही. जॉ प्लेटचे दात झिजले असतील, व्ही-बेल्ट घसरत असेल, खालची फट गरजेपेक्षा घट्ट लावली असेल, किंवा पुढचा कोन क्रशर वा चाळणी तेवढा माल घेत नसेल. अशा वेळी सर्वोत्तम ब्लास्टनेही उत्पादन हलणार नाही. मी गेलेल्या खाणींत ही चाचणी न करता आधी स्फोटके बदलणारेच जास्त भेटले.

खर्चाच्या दृष्टीने एक हिशेब उद्बोधक आहे. तुमच्या एका होलच्या वाट्याला २.५ × ३ × ७.५, म्हणजे सुमारे ५६ घनमीटर, अर्थात १५५ टनांच्या आसपास दगड येतो. ३० किलो स्फोटके म्हणजे टनामागे साधारण २०० ग्रॅम. त्यातली सगळी ऊर्जा विजेच्या मापात धरली तरी ती टनामागे ०.२ युनिटच्या आत भरते. दगड बारीक करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या बाँडच्या सूत्राने, बेसॉल्टचा कार्यनिर्देशांक (दगड फोडायला किती कठीण त्याचे माप) सुमारे २० धरून, ५०० मिलिमीटरचा दगड २० मिलिमीटरपर्यंत आणायला टनामागे एक युनिटहून थोडी अधिक ऊर्जा लागते, आणि मोटारींचा प्रत्यक्ष वापर त्याहून बराच जास्त असतो. म्हणजे फोडण्याचे बहुतेक काम क्रशरच करतो. ब्लास्टचे काम त्याला घास तोंडात मावेल एवढा करून देणे आणि ढीग सैल ठेवणे एवढेच आहे. सैल ढिगाचा लाभ स्वतंत्र आहे. बकेट एका झटक्यात भरते, डंपर लवकर सुटतो, आणि हॉपर रिकामा राहत नाही. रांगांमधला डिले वाढवल्यावर पहिला फरक बहुधा इथेच, पोकलेनच्या चालकाच्या तोंडून कळेल.

बदल मोजायचा कसा, हे आधी ठरवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी स्टेमिंगची खडी, मग रांगांचा डिले, किंवा उलट, पण दोन्ही एकदम नको. एकाच थरात किमान चार-पाच ब्लास्ट झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, कारण दगडातला नैसर्गिक फरकच एवढा असतो की एक ब्लास्ट चांगला किंवा वाईट निघणे याला काही अर्थ नसतो. प्रत्येक ब्लास्टसाठी चार नोंदी पुरतात: बाजूला काढलेल्या बोल्डरांची संख्या, ब्रेकरचे तास, जॉ अडकल्याची वेळ आणि मिनिटे, आणि त्या ढिगातून गेलेले एकूण टन. शक्य असल्यास ढिगाचे फोटो काढा, पण मापाची पट्टी किंवा ज्ञात आकाराचा चेंडू ठेवून आणि माल उचलताना मधूनमधून. ढिगाच्या वरच्या थराचा फोटो हा स्टेमिंगच्या दगडाचा फोटो असतो आणि तो फसवतो. साध्या मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले तर मागच्या रांगा पुढे सरकतात की वर उसळतात हेही दिसते. मोबाइल अर्थातच धोक्याच्या क्षेत्राबाहेरून आणि सुरक्षित जागी लावलेला असावा.

राहिला प्रश्न इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरचा. १ एप्रिल २०२५ पासून देशात साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरवर बंदी आली आहे, त्यामुळे ज्यांची सुरुवात त्यांवर होत असे त्यांना बदल करावाच लागला. त्या लाटेत इलेक्ट्रॉनिकची विक्रीही जोरात आहे. त्यांचा खरा गुण असा की प्रत्येक होलला एकेका मिलिसेकंदाच्या टप्प्याने हवी ती वेळ देता येते आणि ती जवळजवळ अचूक पाळली जाते. वर काढलेला अकरात एक आणि चाळीसात एक हा हिशेब तिथे उरत नाही, ८४-८५ सारखी खोचही टाळता येते, आणि रांगेत ८ ते १० मिलिसेकंदांवर जाऊन फूट सुधारते का हेही तपासता येते. वस्ती जवळ असलेल्या खाणीला कंपनासाठी ते घेणे मला योग्य वाटते. पण होल वाकडे पडत असतील, पहिल्या रांगेचे बर्डन कुठे २ तर कुठे ४ मीटर असेल आणि स्टेमिंगमध्ये भुकटी असेल, तर अचूक वेळेवर पेटलेला वाकडा होल हा वाकडाच होल असतो. तुमच्या खाणीत आधी फुकटातले बदल करून नोंदी ठेवा. ढीग सैल झाला, स्टेमिंगचे बोल्डर घटले, तरीही अधूनमधून एखादा ब्लास्ट कारणाशिवाय बिघडतो असे दिसले, तर तो बिघाड नॉनेलच्या चुकीतून येत असण्याची शक्यता बळावते आणि तेव्हा इलेक्ट्रॉनिकवर दोन-तीन चाचणी ब्लास्ट पुरवठादाराकडूनच, त्याच चार नोंदींच्या अटीवर, करून घ्या.

मला यापुढे नेमके काही सांगायचे तर तीन गोष्टी लागतील: फेसचा समोरून काढलेला फोटो, निवडक मालाच्या दिवसाचा ताशी आकडा, आणि सर्वांत जवळच्या घराचे अंतर.